आधी ‘कोणता?’ विचार, मग ‘द’ लाव

अगं, सगळ्यात आधी हे ऐक. ‘द’ चुकतो म्हणून आपलं इंग्रजी कच्चं, असं मनात धरून बसू नकोस. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या गावांतून परभणीला कॉलेजला आलेल्या कितीतरी मुली मला हेच सांगतात. ताई, काळ येतात, शब्द येतात, स्पेलिंगही जमतं, पण ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ कुठं घालायचं तेच कळत नाही. मग काहीजणी दिसेल त्या नामाआधी ‘द’ लावून मोकळ्या होतात आणि काहीजणी तो कायमचा गाळूनच टाकतात. दोन्हींच्या मागे एकच गोष्ट असते, ती म्हणजे भीती. ती भीती आज तुझ्या मनातून काढायची आहे मला.

हा शब्द अवघड का जातो ते समजून घे, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. आपल्या मराठीत असं उपपदच नाही. आपल्या भागात कानावर पडणाऱ्या उर्दू, हिंदी, तेलुगू या भाषांतही ‘द’सारखा शब्द नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत इथल्या शाळा-कचेऱ्यांत उर्दू चालायची. म्हणजे आपल्या पणजोबांच्या पिढीचीही रोजच्या भाषेत अशा शब्दाशी गाठ पडली नाही. संस्कृतात नाही, रशियन, चिनी, जपानी भाषांतही नाही. मॉस्कोतल्या आणि टोकियोतल्या मुलीही इंग्रजी शिकताना नेमक्या इथंच अडतात. तू एकटी नाहीस गं.

दुसरं कारण शिकवण्यातलं आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. वर्षं वाढली, पण ‘द’ आपल्यापर्यंत आला तो यादी बनून. सूर्य, चंद्र, नद्या, पर्वतरांगा, धर्मग्रंथ यांच्याआधी ‘द’ लावा, पाठ करा आणि रिकाम्या जागा भरा. परीक्षेत ते जमतं. बोलायला उभं राहिलं की यादी आठवत नाही आणि तोंड बंद होतं. कारण रोजच्या बोलण्यात सूर्य-चंद्र फारसे येतच नाहीत. तिथं दुकान येतं, बस येते, फी येते, मैत्रीण येते. त्यांच्यासाठी यादीत काहीच नसतं.

म्हणून यादी बाजूला ठेव आणि नाम तोंडात आलं की मनाशी एकच प्रश्न विचार. मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतेय, ते समोरच्याला कळणार आहे का? कळणार असेल तर ‘द’. कळणार नसेल आणि वस्तू मोजता येणारी, एकच असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. अमुक एक म्हणायचंच नसेल, सगळ्या जातीबद्दल बोलायचं असेल, तर नाम अनेकवचनी किंवा न मोजता येणारं घ्यायचं आणि पुढे काहीच लावायचं नाही. पाया एवढाच आहे. नीट बघ, हा प्रश्न व्याकरणाचा कमी आणि समोरच्या माणसाचा जास्त आहे. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, याची काळजी घेणं म्हणजे ‘द’ वापरणं.

आणि ही काळजी तू मराठीत रोज घेतेस. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आठव. ‘एक राजा होता. तो राजा मोठा दयाळू होता.’ पहिल्या वाक्यात ‘एक’, दुसऱ्यात ‘तो’. पहिल्यांदा राजा ऐकणाऱ्याला अनोळखी असतो, दुसऱ्यांदा ओळखीचा झालेला असतो. इंग्रजीत अगदी हेच होतं, ‘अ किंग’ आणि मग ‘द किंग’. योगायोगही नाही हा. इंग्रजीतला ‘ॲन’ जुन्या काळी ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून झाला आणि ‘द’ झाला ‘तो-ती-ते’ अशा दर्शक शब्दांपासून. आपण जिथं ‘तो’ म्हणून थांबलो, तिथून इंग्रजी एक पाऊल पुढं गेली. तिनं तो शब्द सक्तीचा करून टाकला.

आता दुसरं बघ. अंगणातून कुणी ओरडलं, ‘अंगणात साप आहे!’ तर घरातले सगळे उठून धावतात, कारण ही नवी बातमी आहे. पण कुणी म्हणालं, ‘साप अंगणात आहे,’ तर मघाशी ज्याच्याबद्दल बोलणं झालं तोच साप आता कुठं आहे, एवढंच कळतं. शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलली. इंग्रजीत पहिलं वाक्य ‘देअर इज अ स्नेक इन द यार्ड’ होईल आणि दुसरं ‘द स्नेक इज इन द यार्ड’. अंगण दोन्हीकडे ‘द’ घेतं, कारण ते आपल्याच घराचं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे.

तिसरं, आपला ‘ला’. ‘बाबा बैल शोधतायत’ म्हटलं तर बहुधा त्यांना बैल विकत घ्यायचा आहे, कुठलाही चांगला चालेल. ‘बाबा बैलाला शोधतायत’ म्हटलं की कळतं, दावं तोडून गेलेला घरचाच बैल. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘अ बुलक’, दुसऱ्यात ‘द बुलक’. हे तुला कुणी शिकवलं होतं का? नाही ना? तरी तू कधी चुकत नाहीस. म्हणजे ओळखीचं काय आणि अनोळखी काय, हे जाणणारा कान तुझ्यापाशी आहेच. मराठी हा फरक शब्दांच्या जागेत, ‘ला’मध्ये, ‘एक’ आणि ‘तो’मध्ये दाखवते, इंग्रजी तो नामाच्या पुढ्यात उघड मांडते. तुला शिकायचं आहे ते एवढंच मांडणं.

आता प्रश्न असा की, समोरच्याला ‘कोणता’ ते कळतं कशावरून? चार वाटा आहेत आणि त्या चांगल्या लक्षात ठेव.

पहिली वाट म्हणजे आधी उल्लेख झालेला असणं, राजाच्या गोष्टीसारखा. दुसरी, उल्लेख झालेल्या गोष्टीबरोबर दुसरी गोष्ट आपोआप येणं. ही मुलींना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबते. ‘आय वेंट टू अ वेडिंग’ म्हणालीस, की पुढे ‘द ब्राइड’, ‘द फूड’, ‘द बँड’ असंच म्हणायचं. नवरीचा उल्लेख आधी झालेला नसला तरी चालतं, कारण लग्न म्हटलं की नवरी आलीच. ‘आय टूक अ बस टू सेलू’ म्हटलं की पुढे ‘द ड्रायव्हर’, ‘द कंडक्टर’, ‘द तिकीट’. समोरच्याच्या डोळ्यांपुढे बस उभी राहिली की ड्रायव्हरही उभा राहतोच.

तिसरी वाट, नामाच्या मागून येणारे शब्दच ते नाम पक्कं करतात. ‘द गर्ल हू सिट्स नेक्स्ट टू मी’, ‘द वॉटर इन येलदरी डॅम’, ‘द बर्थप्लेस ऑफ जनाबाई’. संत जनाबाईंचं जन्मगाव एकच आहे, आपलं गंगाखेड, म्हणून तिथं ‘अ’ बसूच शकत नाही. चौथी वाट, मुळात गोष्टच एक असते. आकाशात सूर्य एक, जिल्ह्याला कलेक्टर एक, वर्गाला फळा एक, खोलीला दार एक. म्हणून ‘द सन’, ‘द कलेक्टर’, ‘द ब्लॅकबोर्ड’, ‘क्लोज द डोअर’. ‘द फर्स्ट’, ‘द बेस्ट’, ‘द ओन्ली’, ‘द सेम’ यांचंही कारण हेच. पहिला एकच असतो, सगळ्यात चांगला एकच असतो. पुस्तकातली ती यादी याच चौथ्या वाटेवरची आहे. बाकीच्या तीन वाटा कळल्या की यादीचा धाक उरत नाही.

आता ‘द’ कुठं नको ते सांगते, कारण आपल्याकडच्या मुली गाळण्यापेक्षा जास्तीचा घालूनच अधिक चुकतात. सगळ्या जातीबद्दल बोलताना तो नको. काळ्या मातीत कापूस चांगला येतो, हे सांगायचं तर ‘कॉटन ग्रोज वेल इन ब्लॅक सॉइल’. ना कापसाला ‘द’, ना मातीला. पण मानवतच्या बाजारात काल आपण नेलेला कापूस ओला होता, हे सांगायचं तर ‘द कॉटन वुई टूक टू मानवत वॉज वेट’. पहिल्या वाक्यात जगातला कापूस आहे, दुसऱ्यात आपल्या गाडीतला. ‘एज्युकेशन इज इम्पॉर्टंट’, ‘फार्मर्स नीड क्रेडिट’, ‘वॉटर इज लाइफ’ ही वाक्यं ‘द’शिवायच बरोबर आहेत. भाषणात ‘द एज्युकेशन इज व्हेरी इम्पॉर्टंट’ म्हणालीस, तर ऐकणारा वाट बघत राहतो, कोणाचं शिक्षण, कधीचं?

‘मोस्ट’ हा शब्द इथं फार फसवतो. ‘मोस्ट फार्मर्स’ म्हणजे जगातले बहुतेक शेतकरी. ‘मोस्ट ऑफ द फार्मर्स इन अवर व्हिलेज’ म्हणजे आपल्या गावातले बहुतेक. ‘ऑफ’ आला की मागून ‘द’ आणायचा. ‘मोस्ट ऑफ फार्मर्स’ असं कधी लिहू नकोस.

‘माय’, ‘युअर’, ‘धिस’, ‘धॅट’, ‘एव्हरी’ यांच्याबरोबरही ‘द’ नको. ‘द’, ‘अ’ आणि हे सगळे शब्द नामाच्या पुढे तेच काम करतात, ते नाम कोणतं ते ठरवतात. त्यामुळे त्यांतला एकच येतो. ‘माय फादर’ पुरे आहे, ‘द माय फादर’ होत नाही.

काही ठिकाणी मात्र ‘द’ असण्या-नसण्यानं अर्थ बदलतो आणि तिथं बारीक लक्ष दे. ‘शी गोज टू स्कूल’ म्हणजे ती शिकायला जाते. ‘हर मदर वेंट टू द स्कूल’ म्हणजे आई काही कामासाठी त्या शाळेत गेली, पालकसभेला म्हण. कॉलेजचं तसंच. आपण ज्या ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकतो त्यात दाखल असलेला रोगी ‘इन हॉस्पिटल’ असतो आणि त्याला भेटायला गेलेली तू ‘ॲट द हॉस्पिटल’ असतेस. अमेरिकेत दोन्हीकडे ‘द’ लावतात, म्हणून सिनेमात वेगळं ऐकलंस तर गोंधळू नकोस. बाजार, स्टेशन, बँक, देऊळ यांना मात्र ही सवलत नाही. तिथं ‘टू द मार्केट’, ‘टू द स्टेशन’ असंच. ‘इन द मॉर्निंग’ पण ‘ॲट नाइट’, ‘बाय ट्रेन’ पण ‘ऑन द देवगिरी एक्सप्रेस’. ही वळणं आहेत, कानानंच बसतात. एकदम सगळी येणार नाहीत आणि नाही आली तरी काही अडत नाही.

नावांचं बघू. त्यासाठी आपला जिल्हाच पुरेसा आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतो ना आपण? त्यातल्या दोघांनाही ‘द’ लागत नाही, कारण गावांना, शहरांना आणि बहुतेक देशांना तो लागत नाही. ‘आय लिव्ह इन परभणी’, बस. देशाच्या नावातच ‘स्टेट्स’ किंवा ‘किंगडम’सारखा शब्द असेल तर मात्र तो येतो, जसं ‘द युनायटेड स्टेट्स’. नद्यांना हवा: ‘द गोदावरी’, ‘द पूर्णा’, ‘द दुधना’. डोंगररांगांना हवा: ‘द बालाघाट रेंज’. एकट्या शिखराला नको: ‘कळसूबाई’, ‘माउंट एव्हरेस्ट’. सरोवराला नको: ‘लोणार लेक’. गाड्यांना हवा: ‘द तपोवन एक्सप्रेस’, ‘द नंदीग्राम एक्सप्रेस’.

विद्यापीठांचं जरा समजून घे, अर्जात लागतं. नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ’ असं सुरू होत असेल तर ‘द’ लागतो, ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’. माणसाच्या किंवा गावाच्या नावानं सुरू होत असेल तर नको. म्हणून १९७२ साली सुरू झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठाचं नाव लिहिताना वसंतराव नाईकांच्या आधी ‘द’ घालू नकोस. तुझं कॉलेज ज्याला जोडलेलं आहे त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नावाआधीही नको. पण नाव न घेता नुसतं ‘विद्यापीठ’ म्हणालीस, आणि कोणतं ते समोरच्याला माहीत असलं, की ‘द युनिव्हर्सिटी’ आलंच.

उच्चाराचं एवढंच सांगते. पुढच्या शब्दाचा पहिला आवाज व्यंजनाचा असेल तर हलका ‘द’, स्वराचा असेल तर ‘दी’. अक्षर बघायचं नाही, आवाज ऐकायचा. ‘युनिव्हर्सिटी’चं पहिलं अक्षर स्वराचं असलं तरी आवाज ‘य’चा आहे, म्हणून ‘द युनिव्हर्सिटी’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ म्हणजे तास लिहिताना ‘एच’नं सुरू होतो, पण तो उच्चारत नाहीत, म्हणून ‘दी अवर’ आणि ‘ॲन अवर’. ‘एमपीएससी’ लिहायला व्यंजनानं सुरू होतं, पण आवाज ‘ए’चा, म्हणून ‘दी एमपीएससी एक्झाम’. आणि ‘द’वर जोर देऊ नकोस. आपण त्यावर जोर देतो म्हणून तो ओझ्यासारखा वाटतो. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द आहे तो, पण बोलणारे त्याला हळूच स्पर्श करून पुढं जातात.

आता मुलाखतीचं. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो, ठाऊक आहे मला. म्हणून हे बघ: ‘आय कम फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज निअर गंगाखेड. द व्हिलेज इज ऑन द बँक ऑफ द गोदावरी. माय फादर इज अ फार्मर. ही ग्रोज कॉटन अँड सोयाबीन. लास्ट इयर द रेन्स केम लेट.’ एकेक नाम तपास. गाव पहिल्यांदा ‘अ’, कारण मुलाखत घेणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा ‘द’, आता माहीत झालं. काठ ‘द’, कारण कोणत्या नदीचा ते पुढं सांगितलंय. वडील ‘अ फार्मर’. हा ‘अ’ आपल्याकडे हमखास गळतो. धंदा किंवा पेशा एकट्या माणसाचा सांगताना तो लागतोच: ‘शी इज अ नर्स’, ‘आय ॲम अ स्टुडंट’. कापूस आणि सोयाबीन जातीनं, म्हणून काही नाही. आणि ‘द रेन्स’ म्हणजे पावसाळा, आपला ओळखीचा, दरवर्षी वाट बघायला लावणारा.

नोकरीच्या अर्जातही हेच. जाहिरातीतल्या जागेसाठी अर्ज करतेस ना? मग ‘फॉर द पोस्ट ऑफ क्लार्क’, कारण ती जागा त्यांनीच जाहीर केलीय. ‘द ॲडव्हर्टाइजमेंट’ही त्यांचीच, म्हणून ‘द’. जाहिरात नसताना सहज विचारणा करत असशील तर ‘अ पोस्ट’. वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून मात्र हे शिकू नकोस. जागा वाचवायला मथळ्यांत ‘अ’ आणि ‘द’ गाळतात. खालची बातमी वाच, तिथं ते सगळे जागच्या जागी असतात.

कुणी तुला म्हणेल, एवढ्याशा शब्दानं काय होतं? तर ऐक. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं २२ नोव्हेंबर १९६७ ला ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. त्यात इस्रायली सैन्यानं युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असं होतं. इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नव्हता. एक बाजू म्हणाली, ‘द’ नाही म्हणजे सगळ्या प्रदेशांतून माघार असा अर्थ होत नाही. दुसरी बाजू म्हणाली, फ्रेंच मसुदा वाचा, त्यात ते सगळे प्रदेश असाच अर्थ निघतो. हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे हा शब्द शोभेचा नाही. ‘कोणते?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्यात असतं आणि त्या उत्तरावर कधी जमीन अवलंबून असते, कधी नोकरी, कधी कोर्टातला कागद.

पण रोजच्या बोलण्यात तेवढं ओझं घेऊ नकोस. दुकानात, फोनवर, वर्गात ‘द’ राहून गेला तरी समोरच्याला तुझं कळतं. बोलताना अडखळून थांबण्यापेक्षा चुकीचा ‘द’ घेऊन पुढं जाणं केव्हाही चांगलं. लिहिताना मात्र थांब, कारण तिथं वेळ आपल्या हातात असतो. अर्ज लिहून झाला की एकदा फक्त नामांसाठी वाच. बाकी काही बघू नकोस. प्रत्येक नामाशी बोट ठेव आणि विचार, हा अर्ज वाचणाऱ्या साहेबांना किंवा बाईंना हे कोणतं ते माहीत आहे का?

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. इंग्रजी चांगलं येणाऱ्या मुलीसमोर आपण स्वतःला कमी समजतो, हे मला नेहमी खटकतं. तिनं लहानपणापासून ते ऐकलं, एवढाच फरक आहे. तुझ्याकडे मराठी आहे, आणि साप अंगणात आहे की अंगणात साप आहे, हे एका क्षणात ओळखणारं डोकं आहे. तेच डोकं इंग्रजीत वापरायचं आहे, नवीन आणायचं नाही.

तेव्हा आज रात्री अभ्यास संपला की आपल्या गावाबद्दल इंग्रजीत पाच-सहा वाक्यं लिही. नदी, देऊळ, शाळा, घर, शेत, जे मनात येईल ते. मग प्रत्येक नामाला तो एक प्रश्न विचार आणि ‘द’ का लावला किंवा का नाही लावला, ते शेजारी मराठीत दोन शब्दांत लिही. कारण लिहिता आलं तर वाक्य तुझं झालं. जिथं कारण सुचणार नाही तिथं फुली मार आणि तेवढीच वाक्यं मला पाठव. आपण दोघी मिळून ती बघू.